म्हशीच्या तोंडातला हात

भैरू,

काल तुझं दिवसकार्य झालं. पंगती उठल्या, भांडी घासून पालथी पडली, आणि दुपारी बायका सोप्यात टेकल्या. तेव्हा तुझ्या रेणुकाच्या माहेरच्या एका म्हातारीनं विचारलं, पोराच्या पायांना झालं होतं तरी काय? रेणुकाला रडण्यापुढं सांगता येईना. मग तुझी शोभा पुढं झाली. नऊ वर्षांची पोर, पण कोपराला बोट लावून अगदी तुझ्यासारखी सांगायला लागली, "म्हस पिसाळल्याली. आण्णानं तिच्या तोंडात हितपत्तर हात घातलता. म्हणून पोटात इंजक्शनं घेतली, आन् त्या इंजक्शनांनी पाय गेले." म्हातारी चुकचुकली. मुक्या जनावरासाठी देवमाणूस गेला म्हणाली.

मी शोभाची वेणी घालत होते. माझे हात तिथंच थांबले. कारण तू हात घातलाच नव्हतास. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक तू. आता मी एकटी उरले. ही गोष्ट अशीच पुढं चालू द्यायची की तुझ्या लेकीला खरं सांगायचं, हे कालपासून मला सुचत नाही. म्हणून वही घेऊन बसले आहे. मास्तरीणबाई ना मी, लिहिल्याशिवाय डोकं चालत नाही, असं तूच म्हणायचास.

मोठ्या दुष्काळाच्या पुढचं साल होतं ते. मी निपाणीच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि रोज एस.टी.नं गावाकडं येत होते. तू बावीस वर्षांचा, अंगानं दांडगा. आपली तांबडी म्हैस दोन दिवस खात नव्हती, तोंडातून लाळ गळत होती, घसा बसल्यासारखी ओरडत होती. आप्पांना वाटलं, कडब्याचं पेर अडकलं घशात. आपल्याकडं असं झालं की घरातला जाणता माणूस हात घालून काढतो, तसा त्यांनी घातला. दाढेनं मनगट खरवडलं. तू त्या दिवशी सकाळीच तंबाखूच्या गाडीबरोबर निपाणीला वखारीत गेलतास. रात्रीपर्यंत तू घरी नव्हतास. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली, आणि गुरांचे डॉक्टर म्हणाले की तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार.

आप्पांना लगेच इंजेक्शनं सुरू झाली, पोटात रोज एक, अशी चौदा. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तू होतास. त्या म्हशीच्या दुधाचा चहा तू दोन दिवस प्यालास, वर खरवडही बोटानं चाटलीस. माझ्या वर्गात सुंदरा नावाची मुलगी होती, आठवते? तिला कुत्रं चावलं आणि घरच्यांनी झाडपाला केला. शेवटी पाण्याचा तांब्या दिसला तरी ती किंचाळायची. ते मी खिडकीतून बघितलं होतं. मी तुला ओढतच दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं की उकळलेल्या दुधाचा चहा प्यायलेल्यांना याची गरज नाही. ज्यांनी तोंडात हात घातला, ज्यांच्या जखमेला लाळ लागली, त्यांनाच ती द्यायची. हे औषध उगीच घ्यायचं नसतं, क्वचित कुणाला ते उलटतं, असंही म्हणाले. मी अर्धं ऐकलं आणि अर्धं सोडून दिलं. दारातच तुला बजावलं होतं, "तू गप उभा ऱ्हा, मी बोलतो." मी बोलणार आणि तू मान हलवणार, अशी आपली वाटणी लहानपणापासूनची. मी डॉक्टरांना सांगितलं की यानंही घातला होता हात, सकाळी गाडीबरोबर जायच्या आधी, गोठ्यात कुणी नसताना. तू माझ्याकडं बघितलंस. डॉक्टरांनी तुला विचारलं, तर तू मान हलवलीस.

एवढीच असती चूक, तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. जिवाच्या भीतीनं खोटं बोलले, असं म्हटलं असतं. पण पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आज तुलाच सांगते, तुला ते ठाऊक असलं तरी.

नवव्या दिवशी तू म्हणालास की तळपायाला मुंग्या येतात, पायात वहाण आहे की नाही तेच कळत नाही. दहाव्या दिवशी पायरी चढताना गुडघा दुमडला. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. यानं खरंच हात घातला होता काय? घातला नसेल तर मी आज, आत्ता इंजेक्शनं थांबवतो. घातला असेल तर मला थांबवायची भीती वाटते. हा रोग झाला की माणूस वाचत नाही."

बाहेर बाकावर आप्पा होते. आत कंपाउंडर होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात शिकत होती. मी शिक्षिका. त्या एका क्षणात मला तुझे पाय दिसले नाहीत भैरू, मला माझं तोंड दिसलं, खोटारडी ठरलेलं. मी म्हणाले, घातला होता. डॉक्टरांनी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. जमिनीकडं बघत म्हणालास, "व्हय. घातलता."

त्यानंतर आणखी दोन इंजेक्शनं झाली. बाराव्या दिवशी तू अंथरुणावरून उठलाच नाहीस. कमरेखाली सगळं बधिर, दुसऱ्या दिवशी हातही उचलेनात, आणि श्वास घेताना तू मासोळीसारखा तोंड उघडायला लागलास. जीपमध्ये घालून तुला बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. आप्पांनी मात्र चौदाच्या चौदा पुरी केली आणि त्यांना साधा तापही आला नाही. तेच औषध, तीच सुई. आप्पा पुढं किती दिवस देवापुढं उभं राहून विचारायचे की माझ्या जागी पोराला का धरलंस. मी आत भाकरी थापत ऐकत असायचे.

बेळगावच्या त्या कानडी डॉक्टरांची तुला किती मौज वाटायची. त्यांचं मराठी मोडकं, पण समजावून सांगायची हौस मोठी. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागं विजेची तार काढून दाखवली. म्हणाले, आपल्या मज्जातंतूंवर असंच आवरण असतं, तारेवर रबर असतं तसं. ही लस मेंढीच्या मेंदूत रोगाचे जंतू वाढवून, मग ते मारून तयार करतात. शरीरात रोगाशी लढणारी एक शक्ती असते, तिला शिपाई समजा. त्या शिपायांना लस सांगते की असा दिसणारा शत्रू आला तर मारा. पण लसीत मेंढीच्या मेंदूचा अंशही असतो आणि तो आपल्या मज्जातंतूंसारखाच दिसतो. शंभरातल्या, हजारातल्या एखाद्याच्या अंगातले शिपाई फसतात. आपलं कुठलं आणि परकं कुठलं ते त्यांना ओळखू येत नाही, आणि ते आपल्याच तारांवरचं आवरण कुरतडायला लागतात.

तेव्हा तुला मानसुद्धा उचलता येत नव्हती. तरी तू त्या कानडी डॉक्टरांना म्हणालास, "म्हंजे माझ्या अंगातबी सीमावादच चाललाय म्हणा की, साहेब." ते आधी चमकले, मग इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्या वॉर्डात अर्धे मराठी, अर्धे कानडी. नर्सनं ते कानडीत करून पलीकडं सांगितलं आणि तिकडूनही हसू आलं. मी मात्र हसले नाही. मी गॅलरीत जाऊन रडले.

अडीच महिने होतो आपण तिथं. सूज उतरवायच्या गोळ्यांनी तुझं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं. शिपायांना आवरायला म्हणून त्या गोळ्या होत्या. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. खासबागेत आपल्या मावशीकडून सकाळी जेवणाचा डबा घ्यायचा आणि दिवसभर तुझे हातपाय चोळत बसायचं. तुझं एक एक बोट मी हलवून बघायचे. पहिल्यांदा उजव्या हाताचा अंगठा हलला, तेव्हा तू मला तो नाचवून दाखवलास. मग श्वास सुधारला, हात आले, कंबर आली. गुडघ्याखाली मात्र काही आलं नाही. पावलं लोंबायची आणि तळव्यांना काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, आवरण पुन्हा येतं, पण आतली तारच तुटली असेल तर काही खरं नाही.

नांगर सुटला. मग तू निपाणीला विड्यांच्या कारखान्यात बायकांच्या ओळीत बसलास. सगळ्या तुला भैरूबाई म्हणायच्या. तू त्यांच्यापेक्षा लवकर पानं कापायला शिकलास आणि उलट त्यांनाच चिडवायचास. रेणुका तिथलीच. तिनं तुझ्या काठीकडं बघितलंच नाही, तुझ्या तोंडाकडं बघितलं, असं ती अजून सांगते. तिलाही तू तीच गोष्ट सांगितलीस. हळूहळू त्या गोष्टीला हातपाय फुटत गेले. आधी नुसता हात होता, मग तो कोपरापर्यंत गेला, मग म्हैस कशी डोळे फिरवत होती तेही आलं. तू सांगताना मी कधी खोलीत थांबले नाही. तुला ते कळत होतं ना?

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. दर दिवाळीला व्हायचं ते. मी त्या शिपायांना शिव्या द्यायचे. आंधळे मेले, ज्याचं खायचं त्यालाच कुरतडायचं, मी म्हणायचे. तू त्यांची बाजू घ्यायचास. मला राग यायचा की स्वतःचे पाय गेले तरी हा वकिली कुणाची करतो आहे. एकदा तू करंजी खाता खाता म्हणालास, "तेंचं काय चुकलं आक्का? राखायलाच निघालते न्हवं. मला मारायचं म्हणून न्हाय निघाले." मी म्हटलं, राखणारानं डोळे उघडे ठेवावेत. तू म्हणालास, "भ्यालेल्याला कुठं दिसतंय." मी तुला म्हटलं, गप खा. शेवटचा शब्द माझाच असायला हवा असायचा.

तू शिपायांबद्दल बोलत नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी ते शिपायांवरच ठेवलं. तुझी माफी अशी करंजीबरोबर पानात वाढलेली, आणि मी ती उष्टी टाकून उठले. पण तुला एक सांगू? तू माझ्या पहिल्या खोट्याला माफ केलंस, ते मी समजू शकते. ते भीतीचं होतं. दुसरं भीतीचं नव्हतं, ते लाजेचं होतं. त्याबद्दल तू काय म्हणाला असतास, ते मला कधीच ऐकायला मिळणार नाही. डॉक्टर विचारत होते आणि तुझ्या तळपायाला मुंग्या येत होत्या. तू नुसतं "न्हाय" म्हणाला असतास तर माझी नाचक्की झाली असती आणि तू आज रानात उभा असतास. बावीस वर्षांच्या दांडग्या माणसानं असं कसं केलं रं? मी तुझ्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला येतो राग. इतकं माझं ऐकायचं नव्हतंस.

दोन महिन्यांपूर्वी तू बेळगावात टिळकवाडीला माझ्या घरी आलास. लग्नानंतर मी तिथंच राहते, आणि तू वर्षातून दोनदा यायचास, पिशवीत वांगी आणि काकवी घेऊन. आत आलास, पाणी प्यालास, परसात जाऊन तुळस बघून आलास. मी मागून फरशीवर लाल ठिपके बघितले. तूही बघितलेस आणि म्हणालास, "कुणाला लागलं गं आक्का? पोरास्नी बघ." तुझ्याच तळव्यात बोटभर काच घुसली होती. कुठून तिच्यावर चालत आला होतास ते तुला ठाऊक नव्हतं. दुखलंच नव्हतं तुला.

मी खाली बसले, तुझं पाऊल मांडीवर घेतलं आणि काच काढली. इतकी खोल जखम, आणि तू शोभाच्या शाळेचं सांगत होतास. कडेला जुनी जखमही होती, तीही तुला कळली नव्हती. मी हळद चेपत होते. ते पाऊल गार होतं, लहान मुलाच्या पावलासारखं मऊ पडलेलं. मला वाटलं, आता. तेरा वर्षं झाली, आता तरी. मी म्हटलं, "भैरू, त्या दिवशी डॉक्टरांनी परत इचारलं तवा मी..."

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. धाकटा असून. म्हणालास, "च्या टाक की आक्का. जुनं कशाला काढत्यास?"

आणि मी उठले. चहा टाकायला गेले. भैरू, मला सुटल्यासारखं वाटलं तेव्हा. तू मला पुन्हा एकदा सोडवलंस आणि मी पुन्हा एकदा सुटून गेले. स्वयंपाकघरात जाऊन साखर जास्त घातली तुझ्या चहात, एवढंच केलं मी.

ती जखम भरली नाही. तू दाखवलीस उशिरा, कारण दुखत नव्हती. विष पायातून वर चढलं, ताप आला, पाय काळा पडला. मी पोचले तेव्हा तू मला ओळखलंस की नाही, मला अजून सांगता येत नाही. रेणुका म्हणते, ओळखलं. तुझे ओठ हलत होते. मी कान नेला, पण काही कळलं नाही. तू पुन्हा कुणाला तरी "घातलता" म्हणून सांगत नव्हतास ना, या विचारानं मी गेले तेरा दिवस जेवलेली नाही धड.

इथवर काल लिहिलं आणि वही मिटली. आज सकाळी रेणुका चुलीपाशी होती. शोभा कट्ट्यावर पाटी पुसत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पंधरा वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली बाई मी, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शेवटी साधंच सांगितलं. तुझ्या आण्णानं म्हशीच्या तोंडात हात घातलाच नव्हता. तो त्या दिवशी घरी नव्हता. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा खरं बोलले असते तर तुझा आण्णा धड चालला असता.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिचे डोळे तुझेच आहेत, हे मी आधी कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. तिनं विचारलं, "मग आण्णा खोटं का सांगायचे?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

ती पाटीवरून बोट फिरवत बसली. मला वाटलं, आता उठेल आणि माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. तेच बरोबर होईल, असंही वाटलं. मग ती माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "मग आत्ती, मीबी कुणाला सांगत न्हाय."

भैरू, तेव्हा तिच्यात मी तुला शेवटचं पाहिलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "न्हाय गं बाळा. तू सांग. पयल्यांदा आईला सांग जा."

ती उठून आत गेली. मी कट्ट्यावरच बसून राहिले.